टोकाला पडलेलं वेटोळं

मासा सुटला तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उभी होते. काठी एकदम हलकी झाली. तंगूस गुंडाळून घेतली तर गळाची खोटी माशी गायब, मासाही नाही, आणि दोऱ्याच्या टोकाला छोटंसं वेटोळं पडलेलं. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी ते टोक बोटांत धरून उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "दोरा तुटलेला नाही. तुझी गाठ सरकली. तुटला असता तर टोक सरळ असतं."

परदेशात आल्यावर मी जे काही शिकले, त्यात या एका वाक्याइतकं उपयोगी फार थोडं असेल. गाठ सरकते तेव्हा दोरा वेढ्यांतून घासत निसटतो आणि त्याला डुकराच्या शेपटीसारखा पीळ पडतो. चूक दोऱ्याची होती की हातांची, हे टोकच सांगतं.

फ्लाय फिशिंग म्हणजे पिसं आणि धागा गळावर गुंडाळून बनवलेल्या खोट्या माशीने मासा पकडणं. माशीला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची असते ती जाड, वजनदार फ्लाय लाइन. ती हवेत वळण घेत उलगडते आणि माशीला सोबत घेऊन जाते. पाहणाऱ्याचे डोळे त्या वळणावरच खिळतात. माझेही खिळले होते. पहिले कित्येक आठवडे मी फक्त फेक शिकत राहिले आणि गाठी जमतील तशा बांधल्या.

पण रिळापासून माशीपर्यंत एकसंध दोरा नसतोच. रिळावर आधी बॅकिंग म्हणजे राखीव दोरा, मग साधारण 27 मीटरची फ्लाय लाइन, मग निमुळता होत जाणारा लीडर (बहुतेक वेळा 9 फुटांचा), त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे माशी बांधायचा बारीक दोरा, आणि शेवटी माशी. प्रत्येक जोडावर एक गाठ. मासा ओढतो तेव्हा ताण या सगळ्यांतून जातो आणि जी गाठ कच्ची असेल तिथे सुटतो.

यातल्या वरच्या गाठी वर्षातून एखाद-दोनदाच बांधाव्या लागतात. फ्लाय लाइनला लीडर जोडण्याची नेल नॉट घरी टेबलावर निवांत बांधावी. एक बारीक नळी दोन्ही दोऱ्यांलगत धरायची, लीडरचे सहा-सात वेढे नळीसकट घट्ट शेजारी शेजारी घ्यायचे, टोक नळीतून परत काढायचं, नळी काढून घ्यायची आणि आवळायचं. वेढे लाइनच्या मऊ आवरणात रुततात, तीच त्यांची पकड. आजकाल बऱ्याच लाइनींना टोकाला तयार फासा असतो. तेव्हा फाशात फासा अडकवला की झालं, पण दोन्ही फासे एकमेकांत सारखे बसले पाहिजेत. एक सरळ राहिला आणि दुसऱ्याने त्याला गळफास घातला, तर पातळ फासा जाड फाशाला कापतो.

नदीवर रोज लागतात त्या दोनच गाठी.

लीडर-टिपेट जोडायला सर्जन्स नॉट. दोन्ही दोरे वीतभर एकमेकांवर ठेवा, दोन्हींचा मिळून एक फासा करा, आणि टिपेट पूर्णच्या पूर्ण, लीडरच्या टोकासह, त्या फाशातून दोनदा काढा. तीनदा काढलं तर आणखी बरं. मग चारही पदर एकदम ओढा. ब्लड नॉट दिसायला जास्त देखणी असते, दोऱ्याच्या सरळ रेषेत बसते, पण तिला दोन्ही दोरे जवळपास सारख्या जाडीचे लागतात. थंडीने बोटं बधिर झाली असताना मी तिच्या वाटेला जात नाही.

माशीला बांधायला इम्प्रूव्ह्ड क्लिंच. टोक गळाच्या डोळ्यातून, म्हणजे भोकातून, काढा, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्या, डोळ्यालगतच्या लहान फटीतून टोक आत घाला, आणि त्यामुळे जो मोठा फासा तयार झाला त्यातून पुन्हा एकदा. दोरा जाड असेल तर वेढे कमी करा, नाहीतर गाठ नीट बसतच नाही.

माझी सरकलेली गाठ हीच होती. वेढे पाच होते, टोकही दोन्हीकडून गेलं होतं. चुकलं होतं ते आवळणं. मी कोरडीच गाठ झटक्याने ओढली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; नायलॉनचं तसं नाही. घर्षणाच्या उष्णतेने ते जागीच कमजोर होतं आणि वेढे वेडेवाकडे अडकून अर्धवट आवळले जातात. म्हणून आवळण्याआधी गाठ ओली करायची, मग सावकाश, एका दमात ओढायची. वेढे एकापाठोपाठ एक रांगेत बसताना दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर कापा आणि पुन्हा बांधा.

ओलं करण्याची ही सवय नायलॉनहून जुनी आहे. नायलॉन 1938 मध्ये जगासमोर आलं. त्याआधी लीडर रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेल्या तंतूचा असे. तो कोरडा असताना गाठीत मोडायचा, म्हणून आधी भिजवून ठेवावा लागे. कारण वेगळं, पण हाताची कृती तीच.

टिपेटच्या जाडीचा हिशेब मला फार आवडतो. टिपेटच्या रिळावर 4एक्स, 5एक्स असं लिहिलेलं असतं. 11 मधून तो आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते: 5एक्स म्हणजे सहा हजारांश इंच. माशीच्या गळाच्या क्रमांकाला तीनने भागलं की साधारण कोणतं टिपेट घ्यावं तेही कळतं. 16 नंबरच्या माशीला 5एक्स.

सराव मात्र अशा बारीक दोऱ्यावर सुरू करू नका. बुटाची नाडी आणि कपाचा कान घ्या; प्रत्येक वेढा कुठे जातो ते डोळ्यांना दिसतं. नंतर जाड तंगूस, मग बारीक, आणि शेवटी डोळे मिटून. संध्याकाळी मासे वर येऊ लागतात नेमक्या त्याच वेळी उजेड जातो, तेव्हा बोटांनाच सगळं पाठ असावं लागतं. दहा गाठी अर्धवट येण्यापेक्षा दोन अशा याव्यात.

हे सगळं मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे, कारण गाठ सुटते तेव्हा नुकसान माझं एकटीचं नसतं. मासा तोंडात गळ घेऊन जातो. मी पकडलेला मासा पाण्यातच सोडून देते, त्यामुळे तो माझ्या हातापर्यंत नीट येणं ही माझी जबाबदारी आहे. कापलेले तुकडेही खिशात भरून घरी आणायचे. काठावर पडलेला नायलॉन पक्ष्यांच्या पायांत गुंततो.

आता दर माशानंतर मी टिपेट दोन बोटांतून ओढून बघते. खरखर लागली किंवा फेकताना आपोआप पडलेली एखादी गाठ सापडली, की तेवढा भाग कापून टाकते. परवा माशी पाण्यातल्या फांदीत अडकली, काही केल्या निघेना, शेवटी ताण देऊन दोरा तोडावा लागला. टोक हातात आल्यावर आधी तेच पाहिलं. सरळ होतं. मी नवीन माशी काढली, अंधार पडत होता, पाच वेढे मोजले आणि गाठ ओठांत धरून ओली केली.