एका एसटीएम-१ मध्ये किती मोडेम?

माळ्यावरच्या पेटीत माझी १९९९ ची वही सापडली. रात्री मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारी डबी, लागला की स्क्रीनवर दिसणारा वेग, सेकंदाला किती बिट, मी तिच्यात टिपून ठेवायचो. २८,८००, ३१,२००, पावसाळ्यात लाइन खरखरायला लागली की २६,४००, एखाद्या दिवशी ३३,६००. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमच्या मुलांना प्रदर्शनासाठी तक्ता हवा होता, म्हणून ठरवलं की हे वेग ऑप्टिकल फायबरच्या मापात मांडायचे. भागाकाराचंच काम, एका तासात होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात आठवडा लागला.

आधी माप कुठलं घ्यायचं ते ठरवावं लागलं. मुलांच्या हाती अमेरिकी पुस्तक, त्यात फायबरवरच्या वेगांना ओसी-१, ओसी-३ अशी नावं. आपल्याकडे एसडीएच ही पद्धत, तिच्यात वेगांची नावं एसटीएमने सुरू होतात. सुदैवाने दोन्ही एकाच ठिकाणी जुळतात: ओसी-१ म्हणजे ५१.८४ एमबीपीएस (सेकंदाला दशलक्ष बिट) आणि त्याच्या तिप्पट, १५५.५२, म्हणजे ओसी-३, तोच आपला एसटीएम-१. पुढे चौपट-चौपट होत जातं. म्हणजे प्रश्न एवढाच: एका एसटीएम-१ च्या वेगात किती मोडेम मावतील?

पहिलं उत्तर एका मुलीने आणलं: ५६ केचे २,८४३ मोडेम. माझं उत्तर २,७७७ येत होतं. तिने कॉम्प्युटरच्या सवयीने 'के' म्हणजे १,०२४ आणि 'मेगा' म्हणजे त्याचा वर्ग धरला होता. लाइनवरचा वेग मोजताना के म्हणजे सरळ हजार. दुसऱ्या मुलाने बॉड, म्हणजे सिग्नल सेकंदाला किती वेळा बदलतो ते, आणि बिट एकच मानले. २,४०० बिटांचा मोडेम सेकंदाला ६०० वेळाच सिग्नल बदलतो आणि दर बदलात ४ बिट पाठवतो, हे फळ्यावर काढून दाखवल्यावर त्याला पटलं.

मग मला एक गोष्ट खटकायला लागली. ९,६००, १४,४०० आणि २८,८०० ने भागलं की उत्तर पूर्णांकात येतं; २८.८ चे बरोबर ५,४०० मोडेम. ३३.६ आणि ५६ ने भागलं की दशांश संपतच नाहीत. या दोन आकड्यांत ७ हा अवयव आहे, एसटीएम-१ मध्ये तो नाही. त्यातला ५६ मधला ७ कुठून आला ते शोधताना मी खरा गुंतलो. टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं, प्रत्येक ८ बिटांचा. म्हणून एका बोलण्याला ६४ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट). ५६ केचा मोडेम त्या ८ पैकी ७ बिटांवर भरवसा ठेवतो, म्हणून ७ गुणिले ८,०००. आणि एसटीएम-१ ची चौकटही, म्हणजे बाइटांचा एकेक गठ्ठा, सेकंदाला ८,००० वेळाच जाते, दर वेळी २,४३० बाइट घेऊन. म्हणजे हे गुणोत्तर मुळात ७ भागिले १९,४४०. माझ्या घरातल्या डबीचा आणि समुद्राखालच्या फायबरचा ठोका एकच आहे, हे वीस वर्षं शिकवूनही मी कधी असं कागदावर मांडलं नव्हतं. त्या रात्री मला फार आनंद झाला.

तक्ता तयार झाल्यावर मामांना दाखवायला सांगलीला गेलो. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली, ३०० बीपीएसचे ५,१८,४०० मोडेम, आणि मान हलवली.

"अरे, हे कुठं बसवणार तू? तू लाइनीत ३०० घाल नाहीतर ३३ हजार घाल, एक्स्चेंजला ते बोलणंच. त्याला एक टाइमस्लॉट, ६४ चा."

"मग किती बसतील, मामा?"

"एका ई-वनमध्ये ३० कॉल. एका एसटीएम-वनमध्ये ६३ ई-वन. कर गुणाकार."

१,८९०. मोडेम कुठलाही असो, तेवढेच.

माझा भागाकार चुकला नव्हता, पण तो वेगळ्या जागेचा होता. घरापासून इंटरनेट कंपनीच्या मोडेमपर्यंत आपला कॉल अख्खा स्लॉट, म्हणजे त्याच्यासाठी राखलेली ६४ केबीपीएसची जागा, अडवून बसतो. तिथे १,८९० हेच खरं. तिथून पुढे माहिती पॅकेटांच्या रूपात जाते, रिकामी जागा कुणी अडवत नाही, तिथे भागाकार चालतो. तोही पूर्ण १५५.५२ ने नाही, कारण चौकटीचा काही भाग देखरेखीला जातो आणि मालासाठी १४९.७६ उरतात. म्हणून २८.८ चे ५,४०० नव्हे, ५,२००; पॅकेटांवरच्या पत्त्यांचा भार धरला तर आणखी कमी.

परत आल्यावर मुलांनी तक्त्यात आणखी दोन रकाने आखले आणि वरती लिहिलं: 'नुसता भागाकार', 'इंटरनेट कंपनीपर्यंत', 'इंटरनेट कंपनीच्या पुढे'. मधल्या रकान्यात ३०० पासून ५६,००० पर्यंत प्रत्येक ओळीत १,८९० आहे. एका मुलाला ती छपाईची चूक वाटली. त्याला मी वही दिली आणि मामांचा गुणाकार त्याच्याकडूनच करून घेतला.