हँडओव्हर चालू आहे

आज मॅडमबरोबर बसून निम्म्याहून जास्त फाईली झाल्या. चाकणच्या ह्या कंपनीत लीगलचं सगळं इतकी वर्षं त्यांनीच बघितलं आणि महिनाअखेर त्या रिटायर होतायत, मग कोर्टाच्या तारखा, व्हेंडर ॲग्रीमेंट, नोटिसा, सगळं माझ्याकडे. एक्सेल ट्रॅकर आधीच मिळाला होता, पण त्यात फक्त काय करायचं ते आहे, का करायचं ते नाही.

म्हणजे बघा, एका जुन्या डीलरच्या नावापुढे नुसतं "बॅलन्स कन्फर्मेशन, मार्च" एवढंच. मी म्हटलं हे तर अकाउंट्सचं काम ना? त्या म्हणाल्या, अगं, पैशाच्या दाव्याची 3 वर्षांची मुदत संपायच्या आत त्याने बाकी मान्य करून सही दिली की लिमिटेशन ॲक्टच्या कलम 18 ने सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात, नाहीतर दावा मुदतबाह्य. अकाउंट्सला ते पत्र ऑडिटपुरतं हवं असतं, उशीर झाला तरी त्यांचं काही अडत नाही, आपलं सगळंच अडतं. चेक बाउन्सचंही तेच, बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे आणि मेमो येतो अकाउंट्सच्या इनवर्डला, म्हणून त्या रोज स्वतः तिथे जाऊन बघतात. हे कुठेच लिहिलेलं नाही. मी आता प्रत्येक नोंदीपुढे कारणाचा कॉलम टाकतेय.

सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, मात्र मनाला लागलं. पूर्णवेळ पगारी नोकरी म्हटलं की बार कौन्सिलच्या नियम 49 ने प्रॅक्टिस थांबवावी लागते, तसा अर्ज दिलाय. शिवाजीनगर कोर्टात आता बाहेरच्या वकिलांच्या मागे बसायचं, उभं राहून बोलायचं नाही. त्यात 31 ऑक्टोबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इन-हाउस, म्हणजे कंपनीच्या पगारी वकिलाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चं, म्हणजे वकील-अशिलातलं बोलणं गुप्त राहण्याचं संरक्षण नाही, 134 चं तेवढं मर्यादित आहे. मॅडम नाजूक विषयावर लेखी मत बाहेरच्या वकिलांकडूनच घेतात, ते मला पटलं, तसंच चालू ठेवणार.

उद्या विचारायचंय, ट्रान्सपोर्टरच्या ॲग्रीमेंटमधलं आर्बिट्रेशनचं (वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायचं) कलम त्यांनी का काढलं. सेल्सवाले ते परत टाका म्हणतायत, सोमवारी ड्राफ्ट द्यायचाय, आणि कारण कळल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही.