पोटोमॅकच्या अलीकडे लावलेले कुलूप

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही टेक्सासमधल्या प्लेनोहून पेनसिल्वेनियात हॅरिसबर्गजवळ राहायला आलो. घरसामान मूव्हर्सच्या ट्रकमधून आले; पण 'आम्ही ट्रकमध्ये नेत नाही' अशा वस्तूंची जी यादी त्यांनी आधीच हातात ठेवली होती, तिच्यात गॅसच्या टाक्या आणि रंगाचे डबे यांच्याबरोबर पिस्तूल आणि काडतुसेही होती. म्हणजे देवघरातली पितळी समई ट्रकमध्ये गेली आणि पिस्तूल आमच्या मिनीव्हॅनमध्ये आले. सुमारे 1400 मैल, सात राज्ये आणि दोन मुक्काम असा तो प्रवास होता. त्याची तयारी करताना हॉटेलांपेक्षा जास्त वेळ मी कायदे वाचण्यात घालवला.

माझ्याकडे पिस्तूल आहे हे ऐकून भारतातले नातेवाईक अजूनही चपापतात, आणि ते समजण्यासारखे आहे. आमच्या सांगलीकडच्या गावात बंदूक एका जुन्या इनामदारांच्या वाड्यात होती आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, एवढाच माझा लहानपणीचा शस्त्रांशी संबंध. टेक्सासमध्ये मात्र मिडलंड-ओडेसाच्या तेलक्षेत्रात मला कामानिमित्त रात्री-अपरात्री एकट्याने गाडी चालवावी लागे. नागरिकत्व मिळाल्यानंतर तिथल्या सहकाऱ्यांच्या आग्रहावरून मी रीतसर परवाना काढला: वर्गात पाच तास, बोटांचे ठसे, 40 डॉलर शुल्क, आणि 3, 7 व 15 यार्डांवरून एकूण 50 गोळ्या झाडण्याची परीक्षा. 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगून फिरता येते, तेव्हा आता तो परवाना कशाला, असे मला अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर राज्याच्या सीमेवर मिळते. तुम्ही टेक्सासची हद्द ओलांडली की परवाना नसलेल्या टेक्सासकराला पुढचे राज्य काय समजेल आणि परवानाधारकाला काय समजेल, यात मोठा फरक पडतो.

या देशात वाहन चालवण्याचा परवाना कोणत्याही राज्याचा असला तरी सगळीकडे चालतो. लग्नाचा दाखलाही चालतो. पिस्तुलाच्या परवान्याचे तसे नाही. कोणत्या राज्याचा परवाना मानायचा हे प्रत्येक राज्य आपापले ठरवते. सगळ्या राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असे विधेयक प्रतिनिधिगृहाने डिसेंबर 2017 मध्ये मंजूर केले होते, पण सिनेटमध्ये त्याचे पुढे काही झाले नाही. त्यामुळे आजचा नकाशा गोधडीसारखा आहे. आमच्या वाटेवरच्या सातपैकी टेक्सास, आर्कान्सा, टेनेसी आणि वेस्ट व्हर्जिनिया या चार राज्यांत परवान्याचीच सक्ती नाही. व्हर्जिनियात कपड्याआड पिस्तूल बाळगायला परवाना लागतो, पण बाहेरच्या राज्यांचे परवाने ते राज्य मान्य करते. पेनसिल्वेनियात लागतो. आणि मेरीलँड बाहेरच्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही.

आता गंमत अशी की आंतरराज्य महामार्ग 81 मेरीलँडमधून जातो तो जेमतेम बारा मैल. वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूने पोटोमॅक नदीचा पूल ओलांडला की मेरीलँड सुरू होते आणि दहा-बारा मिनिटांत पेनसिल्वेनियाची पाटी दिसते. चहाचा एक कप संपायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण त्या दहा-बारा मिनिटांत कमरेला भरलेले पिस्तूल असेल, तर पुलाच्या अलीकडे कायद्याला धरून असलेला माणूस पलीकडे गुन्हेगार असतो. तो तोच, गाडी तीच, पिस्तूल तेच.

या अडचणीवर 1986 साली केंद्रीय कायद्याने एक वाट काढून ठेवली आहे. 'फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट' या कायद्यात एक कलम आहे, ज्याला सगळे 'सेफ पॅसेज' म्हणतात. जिथून निघालात तिथे आणि जिथे पोहोचणार तिथे, अशा दोन्ही ठिकाणी ते शस्त्र जवळ ठेवणे आणि बाळगणे तुम्हाला कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून तुम्ही ते नेऊ शकता. अट अशी की शस्त्र रिकामे असले पाहिजे आणि शस्त्र किंवा काडतुसे यांपैकी काहीही बसण्याच्या जागेतून सहज हाताशी येता कामा नये. ज्या गाडीला वेगळी डिकी नाही, तिच्यात ते कुलूपबंद पेटीत हवे, आणि ही पेटी म्हणजे ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा नव्हे, हेही कायद्यातच लिहिले आहे. आमच्यासारख्या मिनीव्हॅनवाल्यांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. मागची काच उघडी, तिसरी सीट आडवी केलेली आणि तिच्यावर मुलांच्या उशा, अशा गाडीच्या मागच्या जागेला कोणी डिकी म्हणत नाही.

मला स्वतःला या कलमातला खरा काटा 'जिथे पोहोचणार' या शब्दांत दिसतो. माझा जुना मित्र न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याचा आग्रह होता की आधी थेट त्याच्याकडे गणपतीला यावे, चार दिवस राहावे आणि मग हॅरिसबर्गला जावे. सामान्य माणसाला यात काही वावगे दिसणार नाही. पण न्यू जर्सीत मला पिस्तूल बाळगायचा अधिकार नाही, म्हणजे एडिसन हे माझे मुक्कामाचे ठिकाण झाले की केंद्रीय कायद्याचे छत्र डोक्यावरून गेले. शिवाय तिथे दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन (गोळ्या भरून पिस्तुलात घालायची डबी) जवळ असणे हाच गुन्हा आहे, आणि माझ्या पिस्तुलाबरोबर कंपनीने दिलेले मॅगझिन पंधरा गोळ्यांचे आहे. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगल्याबद्दल तिथे पाच ते दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद आहे आणि त्यातली किमान साडेतीन वर्षे पॅरोल नाही. मित्राला मी म्हटले, "यंदा उकडीचे मोदक तुम्हीच खा, आम्ही नंतर येतो." त्याला वाटले मी बायकोच्या सुट्टीचे कारण लपवतो आहे.

मी अतिशयोक्ती करतो असे वाटत असेल, तर दोन प्रकरणे सांगतो. 2013 मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई अटलांटिक सिटीकडे जाताना न्यू जर्सीत पोलिसांनी थांबवली, तेही लेन चुकीची बदलल्याच्या किरकोळ कारणावरून. तिच्याकडे पेनसिल्वेनियाचा वैध परवाना होता आणि गाडीत पिस्तूल आहे हे तिने स्वतःहून सांगितले. तिला तो परवाना पलीकडेही चालतो असे वाटत होते. तिला अटक झाली, खटला उभा राहिला, आणि अखेर 2015 मध्ये गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. दुसरे प्रकरण विमानप्रवासाचे आहे, पण गाडीवाल्यांनाही ते तितकेच लागू पडते. युटाचा एक गृहस्थ 2005 मध्ये पेनसिल्वेनियातल्या ॲलनटाउनला निघाला होता. त्याचे पिस्तूल नियमानुसार सामानात कुलूपबंद होते. न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचे विमान चुकले, सामान त्याच्या हाती आले, आणि तो ते घेऊन रात्रभर हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळावर तो प्रामाणिकपणे पिस्तुलाची नोंद द्यायला गेल्यावर त्याला अटक झाली. पुढे त्याने दावा लावला, तेव्हा 2010 मध्ये न्यू जर्सी ज्याच्या कक्षेत येते त्या केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितले की रात्रभर हॉटेलात सामान त्याच्या हाताशी असल्यामुळे केंद्रीय कलमाचे संरक्षण त्याला मिळत नाही. विमान चुकण्यात त्याची काय चूक होती, हा प्रश्न माणुसकीचा झाला. कलमात त्याला जागा नव्हती. म्हणून आमचे दोन्ही मुक्काम मी टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांत ठेवले, आणि व्हर्जिनियातून निघाल्यावर हॅरिसबर्गपर्यंत पेट्रोल भरण्यापलीकडे कुठे थांबायचे नाही असे ठरवले.

टेक्सारकाना गावात राज्याची सीमा भर रस्त्यात आहे आणि तिथली पोस्ट व न्यायालयाची केंद्रीय इमारत अर्धी टेक्सासमध्ये, अर्धी आर्कान्सात उभी आहे. मुलांनी दोन्ही राज्यांत एकेक पाय ठेवून फोटो काढून घेतले. मी इमारतीपासून लांब गाडीजवळच उभा राहिलो, कारण राज्य कोणतेही असो, केंद्रीय इमारतीत पिस्तूल चालत नाही. हाच प्रकार पुढे ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये झाला. 2010 पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पिस्तूल बाळगता येते, पण उद्यानातले माहिती केंद्र ही केंद्रीय इमारत असल्याने तिच्या दारावर मनाईची पाटी असते. म्हणजे जंगलात चालते, पण नकाशा आणायला आत गेलात तर चालत नाही. पिस्तूल गाडीतल्या पेटीत कुलूपबंद करून मी नकाशा आणायला गेलो आणि तेवढ्यात ते कोणी चोरणार तर नाही ना, या काळजीत नकाशा न घेताच परत आलो.

शाळांचा नियम तर मला अजून कोणी नीट पाळताना दिसलेला नाही. शाळेपासून 1000 फुटांच्या आत पिस्तूल बाळगायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे. परवानाधारकाला सूट आहे, पण ती शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याने परवाना दिला असेल तरच, असे त्याचे शब्द आहेत. आता महामार्गाचा एखादा फाटा कोणत्या शाळेच्या कुंपणापासून 900 फुटांवरून जातो हे टेनेसीत पहिल्यांदाच आलेल्या माणसाला कसे कळावे? शस्त्र रिकामे आणि कुलूपबंद पेटीत असेल तर हा प्रश्नच उरत नाही. मी तिथे मनाशी कबूल केले की अनोळखी राज्यांतून जाताना कमरेपेक्षा पेटी बरी.

पत्नीचे मत पहिल्यापासून हेच होते, फक्त तिला त्यासाठी कायदा वाचावा लागला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गच्या हॉटेलात मुले खाली नाश्त्याला गेली, तेव्हा मी दार बंद केले. पोटोमॅकच्या अलीकडे एखाद्या पेट्रोलपंपावर हे करायचे असा माझा आधी बेत होता, पण भर वर्दळीत गाडीत बसून पिस्तुलाशी खटपट करणारा सावळा माणूस लांबून कसा दिसेल, याचा विचार करून तो सोडला. आधी मॅगझिन काढले. मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे खेचली, नळीच्या तोंडाशी चेंबरमध्ये असलेली गोळी पलंगावर पडली. स्लाइड मागेच अडकवून आत पाहिले, पुन्हा पाहिले, आणि करंगळी घालून चाचपले, कारण प्रशिक्षकाने शिकवले होते की डोळा सवयीने फसतो, बोट फसत नाही. मग केबलचे कुलूप मॅगझिनच्या जागेतून आरपार घालून बंद केले, पिस्तूल प्लास्टिकच्या कडक पेटीत ठेवले आणि पेटीला दोन कुलपे लावली. काडतुसे वेगळ्या पेटीत, तिलाही कुलूप. दोन्ही पेट्या व्हॅनच्या अगदी मागे, तांदळाच्या पोत्याखाली. किल्ल्या पत्नीच्या पर्समध्ये.

पोलिसांनी थांबवले तर काय सांगायचे, हेही राज्याराज्यांत वेगळे आहे. मिशिगनसारख्या राज्यांत तुम्ही लगेच स्वतःहून सांगायचे असते. टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितले की वाहन परवान्याबरोबर पिस्तुलाचा परवानाही दाखवायचा असतो. मला एकदाच, ॲबिलीनजवळ वेगासाठी थांबवले होते. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, दोन्ही परवाने दिले. अधिकाऱ्याने विचारले, "कुठे आहे?" मी म्हटले, "उजव्या कमरेला." तो म्हणाला, "मग ते तिथेच राहू द्या, माझे इथेच राहील," आणि दंडाची पावती फाडली.

एक गोष्ट मराठी वाचकांसाठी मुद्दाम लिहितो. एच-1बी, एफ-1 (विद्यार्थ्यांचा) किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने शस्त्र तर नाहीच, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. ऑफिसातल्या मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याच्या पिस्तुलाने चार गोळ्या झाडणे ही इथे अनेकांना निव्वळ मौज वाटते. 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले एक प्रकरण अशाच विद्यार्थ्याचे होते: विद्यापीठाने काढून टाकल्यामुळे त्याचा विद्यार्थी म्हणून असलेला इमिग्रेशन दर्जा गेला होता, आणि तो फ्लोरिडातल्या रेंजवर गोळीबार करून आला होता. न्यायालयाने म्हटले की आपला इमिग्रेशन दर्जा त्याला ठाऊक होता हेही सरकारने सिद्ध केले पाहिजे. पण रेंजवरचे पिस्तूल हातात घेणे म्हणजे बाळगणे नव्हे, असे काही म्हटले नाही. माझा भाचा एफ-1 व्हिसावर आहे. त्याला मी रेंजवर नेत नाही, म्हणून तो मला भित्रा म्हणतो.

त्या दिवशी दुपारी पोटोमॅकचा पूल ओलांडला तेव्हा धाकटी झोपली होती आणि मोठा फोनमध्ये होता. बारा मैल मी एका ट्रकच्या मागे, मर्यादेपेक्षा दोन मैल कमी वेगाने चालवले. पेनसिल्वेनियात शिरल्यावरही पेट्या उघडल्या नाहीत, कारण तिथला परवाना मिळेपर्यंत एका घरातून दुसऱ्या घरी जाताना शस्त्र रिकामे आणि बंद वेष्टनात नेण्याचीच मुभा आहे.

आता ते पिस्तूल घरच्या तिजोरीत आहे आणि काउंटीच्या शेरीफकडे परवान्यासाठी द्यायचा अर्ज माझ्या टेबलावर पडून आहे. शुल्क 20 डॉलर आहे. चौकशीला 45 दिवसांपर्यंत लागू शकतात. अर्ज अडला आहे तो एकाच रकान्यावर: नात्यात नसलेल्या दोन माणसांची नावे आणि फोन क्रमांक. शेजारच्या आजोबांनी आनंदाने होकार दिला. दुसरे नाव म्हणून एडिसनच्या मित्राला विचारले, तर तो म्हणाला, "आधी गणपतीला न येण्याचे खरे कारण सांग."