येऊरचे पाच किलोमीटर आणि बोल्डरचे पाच किलोमीटर

सध्या महिनाभर ठाण्यात आलेय आणि रोज सकाळी बाबांबरोबर येऊरच्या डोंगरावर जातेय. उपवन तलावापासून चढायला लागायचं, गेटवरून पुढे गावाच्या रस्त्याने जमेल तेवढं चालायचं आणि खाली येऊन टपरीवर कटिंग. तिथे बाबांचा सगळा ग्रुप असतो, त्यातले एक काका-काकू येत्या जूनमध्ये मुलाकडे येतायत, तेही अमेरिकेत मी राहते त्याच बोल्डरला, त्यामुळे रोज चहाबरोबर एकच प्रश्न, "अगं, तिकडे चालायला सोपं काय आहे? किती किलोमीटर?" टपरीवर निम्मं सांगायचं राहून जातं म्हणून इथे नीट लिहितेय, अजून कोणाचे आई-वडील जाणार असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

बोल्डर म्हणजे कोलोराडोतलं, रॉकी पर्वताच्या पायथ्याचं शहर. पूर्वेला सपाट माळ, पश्चिमेला रस्ता संपला की डोंगरच, आणि त्याच्या अंगावर फ्लॅटआयर्न्स नावाचे मोठ्ठाले तिरके कडे, जणू कोणी राक्षसाने फरश्या आणून टेकवून ठेवल्यात. ठाण्यात वसंत विहारच्या मागे कशा बिल्डिंगा संपतात आणि झाडी सुरू होते, अगदी तसंच, म्हणून मला ते गाव लगेच आपलंसं वाटलं. तिथल्या लोकांचं एक फार आवडतं मला. आज जिथे शटाक्वा पार्क आहे ती पायथ्याची जमीन १८९८ मध्ये गावाने विकत घेतली, आणि १९६७ मध्ये तर लोकांनी मतदान करून स्वतःवरच सेल्स टॅक्स बसवून घेतला, का तर आजूबाजूची मोकळी जमीन विकत घेऊन मोकळीच ठेवता यावी म्हणून! दर वेळी ठाण्याला आले की डोंगराच्या कुशीत अजून एक टॉवर उभा दिसतो आणि पोटात तुटतं. येऊर नॅशनल पार्कात आहे हे आपलं किती मोठं नशीब.

तर मुद्द्याचं. किलोमीटर नंतर विचारा, आधी चढ किती ते विचारा. आणि त्याच्याही आधी गावाची उंची बघा. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, आणि बोल्डर शहर साधारण १,६५५ मीटरवर. म्हणजे मुलाच्या घरी पोचून तुम्ही सोफ्यावर टेकलात की कळसूबाईच्या माथ्यावर बसलात असं समजा, अजून एक पाऊलही चढलेलं नसताना. हवा विरळ असते, कोरडी असते, घाम आला तरी लगेच सुकतो त्यामुळे आपल्याला तहान लागलीय हेच कळत नाही.

हे सगळं माहीत असूनही दोन वर्षांपूर्वी आई-बाबा आले तेव्हा मी चूक केली. जुलै महिना, येऊन चौथाच दिवस, आणि मी त्यांना रॉयल आर्चला घेऊन गेले. वर दगडाची नैसर्गिक कमान आहे, खूप सुंदर, जाऊन-येऊन साडेपाच किलोमीटरच्या आसपास. बाबा म्हणाले, "एवढं तर मी येऊरला रोज चालतो." चालतात खरंच. पण त्या साडेपाचात सव्वाचारशे मीटरच्या आसपास चढ आहे, तोही बराचसा दगडांवरून पाय उचलत जायचा, आणि शेवटी सेंटिनेल पास नावाची खिंड लागते, तिथे वाटतं पोचलो, तर वाट चक्क खाली उतरते आणि मग पुन्हा चढते. आम्ही निघालोच नऊ वाजता, थांबत थांबत खिंडीत पोचायला साडेअकरा झाले. आई दगडावर बसली, म्हणाली डोकं ठणकतंय आणि मळमळतंय. बाबा काहीच बोलत नव्हते, आणि ते गप्प झाले की मला धडकी भरते. पश्चिमेकडून काळे ढग वर यायला लागले होते. कमान थोडक्यावर राहिली होती पण मी म्हटलं, "बाबा, चला खाली." खाली गाडीपाशी आलो आणि गडगडायला लागलं. आईचं डोकं दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं, मला त्या रात्री झोप नाही लागली.

तेव्हापासून मी आधी हिशोब मांडते. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला सोपा नियम आहे, पाच किलोमीटरला एक तास आणि वर प्रत्येक १०० मीटर चढाला दहा मिनिटं. रॉयल आर्च त्याने पावणेदोन-दोन तासांचा येतो, पण हा हिशोब धडधाकट माणसाचा, विश्रांती न धरता, म्हणून साठीच्या पुढच्या नवीन आलेल्या माणसासाठी मी सरळ दुप्पट धरते.

काकूंना म्हणून सांगितलंय, पहिला आठवडा वंडरलँड लेकला चक्कर मारा, तळ्याकाठी जवळजवळ सपाट आहे, उपवनची आठवण येईल. मग सॅनिटास व्हॅलीची वाट. नाव सारखं असलं तरी माउंट सॅनिटासच्या धारेवरची वाट वेगळी, ती ४०० मीटर चढवते, मुलगा "जवळच आहे" म्हणाला तरी धारेवर जाऊ नका! शटाक्वाहून मेसा ट्रेलचा थोडा तुकडा पण छान, हवं तिथून मागे फिरता येतं. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी तिथे पार्किंग मिळणं मुश्किल, फ्री शटल असते ती घ्या. रॉयल आर्च तिसऱ्या आठवड्यात, तेही अंगात दम वाटला तर. बेअर पीक नावाचं शिखर मुलावरच सोडा.

जून-जुलैत पहाटे निघायचं आणि बारा वाजायच्या आत खाली, कारण दुपारी वीज पडते. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्याच्या पाण्याची भीती, तिथे विजेची, आणि उघड्या धारेवर लपायला जागाच नसते. काकूंना तिथल्या माउंटन लायनची, म्हणजे बिबट्यासारख्या मोठ्या जंगली मांजराची भीती वाटतेय, पण येऊरला बिबट्या आहेच की, नियम तोच, एकटं जायचं नाही, पहाटे-संध्याकाळी बोलत चालायचं, दिसला तर पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं. दगडावर बसताना मात्र आधी बघा, रॅटलस्नेक नावाचे विषारी साप ऊन खात पडलेले असतात.

आज टपरीवर काकांनी परत किलोमीटर काढले तर माझ्याआधी बाबाच म्हणाले, "अहो, ते राहू द्या, आपण उपवनपासून रोज चढतो किती ते सांगा." कोणालाच माहीत नव्हतं. उद्या माझ्या घड्याळावर मोजायचं ठरलंय, सकाळी साडेसहा, तलावापाशी.