करामातलं टेलरिंगचं दुकान बंद करताना

अडीच महिने झाले तरी ती दुपार डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. मी दुबईत पीआरओ आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या लायसन्स, लेबर आणि इमिग्रेशनच्या फायली घेऊन काउंटर ते काउंटर फिरणं, तेरा वर्षं हेच करतोय.

दुबईच्याच करामा भागात आल्टरेशनचं छोटं दुकान असलेले चिपळूणचे एक दादा आले, सोबत वहिनी. म्हणाले, भाऊ, भाडं परवडेना, दुकान मागच्या आठवड्यात रिकामं केलं, आता तेवढं लायसन्स कॅन्सल करून द्या, व्हिसाला अजून 14 महिने आहेत तोवर मी नोकरी बघतो. एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, पुढे धरून तारखेवर बोट ठेवलं.

त्या तारखेनेच लोक फसतात. दादांचा पार्टनर व्हिसा, म्हणजे कंपनीचा मालक म्हणून मिळालेला व्हिसा, त्यांच्याच कंपनीच्या एस्टॅब्लिशमेंट कार्डावर (इमिग्रेशनमधली कंपनीची फाईल) निघालेला. त्या फाईलवर एक जरी व्हिसा शिल्लक असला तरी कार्ड बंद होत नाही आणि कार्ड बंद झाल्याशिवाय लायसन्स सुटत नाही. म्हणजे आधी दुकानातल्या कारागिराचा हिशोब, त्याची ग्रॅच्युइटी (पहिली 5 वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा बेसिक), त्याचं लेबर कार्ड, त्याचा व्हिसा, मग मालकाच्या नावावरची बायकामुलं, मग मालक स्वतः आणि सगळ्यात शेवटी लायसन्स. कंपनी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची) असल्यामुळे लिक्विडेटर, म्हणजे हिशोब मिटवून कंपनी गुंडाळणारा, आणि नोटिशीचे 45 दिवस वेगळेच. कंपनीचं बँक खातं मालकाचा आयडी चालू आहे तोवर बंद करून घ्यायचं, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो कारण नंतर बँक सहीच धरत नाही आणि माणूस अडकतो. वर कॉर्पोरेट टॅक्स. 3 लाख 75 हजार दिरहमपर्यंतच्या नफ्यावर टॅक्स शून्य, पण नोंदणी तरी लागतेच, आणि बंद करताना ती रद्दही करावी लागते, दादांना तर हे नावही माहीत नव्हतं. आधीच्या एजंटने पैसे घेऊन फक्त लिक्विडेटरचं पत्र हातात दिलं होतं. अशा लोकांमुळे आमचा धंदा बदनाम होतो.

मी हे सगळं कागदावर लिहून देत होतो तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "मग माझी शाळा?"

त्या एका शाळेत शिकवतात, पण व्हिसा दादांचा, शाळेने नुसतं वर्क परमिट काढलेलं. इथल्या कितीतरी शाळांना अशाच बायका हव्या असतात, हजबंड व्हिसावरच्या, कारण व्हिसाचा खर्च वाचतो. आणि त्यात मुलगी दहावीला, फेब्रुवारीत सीबीएसईची बोर्डाची परीक्षा. दुकानाचं लायसन्स गेलं की बापाचा व्हिसा जाणार, त्याच्यामागे आईचं परमिट आणि मुलीचा व्हिसा, म्हणजे ज्या कात्रीने आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे कापले तिनेच घर कापल्यासारखं झालं त्यांना.

मी म्हटलं, दादा, कॅन्सलेशन थांबवा, आधी वहिनींना शाळेच्या व्हिसावर घेऊ, मग मुलीला वहिनींच्या नावावर. मुलीला नावावर घ्यायला पगार 4000 दिरहम लागतो, किंवा 3000 आणि राहायची जागा. वहिनींना 3500, जागा नाही. पाचशेसाठी अडलं. त्या स्वतः प्रिन्सिपलकडे तीनदा गेल्या, तिसऱ्यांदा शाळेने पगार वाढवला आणि व्हिसाही दिला. माझ्या कामातला तो सगळ्यात आनंदाचा फोन होता.

पण मी काउंटरवरच, सगळ्यांसमोर बोलून गेलो होतो की दादा, तुम्हाला पण वहिनींच्या स्पॉन्सरशिपवर घेता येतंय का बघू. ते काही बोलले नाहीत. चावी उचलली, खिशात घातली, बराच वेळ खाली बघत राहिले. 22 वर्षं ज्या माणसाच्या नावावर घरातले सगळे या देशात राहिले त्याला मी हे बाजूला नेऊन सांगायला हवं होतं, एवढी अक्कल मला या वयात असायला हवी होती.

मुलीची फाईल आईच्या नावावर झाली. कारागीर सेटल होऊन दुसरीकडे लागला. आता राहिलेत फक्त दादा. कॅन्सल झालं की त्या कागदावरच देश सोडायची शेवटची तारीख छापून येते, त्यानंतर रोजचे 50 दिरहम दंड. नोकरी अजून नाही, वहिनींच्या व्हिसाचा विषय काढला की फोन ठेवतात. लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय, त्यांच्या व्हिसा कॅन्सलेशनचा फॉर्म टाइप करून माझ्या ड्रॉवरमध्ये पडलाय, काल परत फोन आला होता, म्हणाले, "भाऊ, अजून दोन दिवस थांबा."