पाच वस्तू आणि एक ट्रंक

पुण्यातल्या नारायण पेठेतला आमचा वाडा पाडायचं ठरलं तसे सगळ्या बिऱ्हाडांचे माळे रिकामे व्हायला लागले. रद्दीवाल्याच्या काट्यावर भाडेपावत्यांचा गठ्ठा दिसला आणि मी मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना वाड्याच्या आठवणी जमवायच्या कामाला लावलं. घरटी पाच वस्तू आणायच्या, मोठ्यांनी शेजारी बसून माहिती सांगायची. पहिल्याच रविवारी समोरच्या आजींची आख्खी ट्रंक आली.

फोटोंच्या मागे बॉलपेननं नावं लिहायला घेतली, तर शेजारचे काका ओरडलेच. भारत इतिहास संशोधक मंडळात वर्षानुवर्षं मोडी कागद वाचलेला माणूस. "अहो, शाई पुढे उमटते! मऊ शिसपेन्सिल घ्या, तीही हलक्या हातानं." टाचण्या काढायच्या, कारण गंज कागद खातो. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. (आमच्या पणजोबांचं मोडी पत्र मीच हौसेनं लॅमिनेट करून आणलेलं. मी गप्प बसले.) पेशवे दफ्तरातल्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात हे काकांनी सांगितलं आणि पोरांनी लगेच आमच्या खाकी पाकिटांचेही रुमाल केले, क्रमांक घालून.

फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), कागद ३०० वर स्कॅन केले. प्रती दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. ते दोन दिवसांत उरकलं. वेळ खाल्ला तो वहीतल्या चार रकान्यांनी: काय, कुणाचं, कधीचं, कुणी सांगितलं.

एका फोटोत नुसती भिंत, तिच्यावर माणसाच्या डोक्याहून उंच एक काळपट रेघ. 'काय' मध्ये माझ्या लेकीनं 'ओल' लिहिलं. आजींनी चष्मा लावला. "ओल कसली गं? पानशेतचा चिखल तो." १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. लेकीनं विचारलं, "मग शाळेला सुट्टी होती?"

"शाळेत बिऱ्हाडं उतरली होती, बाळा. फळ्याखाली चूल."

मी इतकी वर्षं पानशेतबद्दल ऐकतेय, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. मोबाइलवर ते सगळं रेकॉर्ड झालंय. मध्येच कुणाच्या तरी कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, त्या काढल्या नाहीत.

ट्रंकेच्या तळाशी एक आंतरदेशीय पत्र निघालं. पोरांनी ते स्कॅनही करून टाकलं. आजींनी हात पुढे केला, "हे नको." स्कॅन त्यांच्यासमोर पुसला आणि वहीत पाचवा रकाना आखला: दाखवलं तर चालेल का? खरं तर तो पहिल्याच दिवशी हवा होता.

पत्राची नोंद खोडावी की ठेवावी यावर पोरांचं जोरदार भांडण झालं. शेवटी लेकीच्या अक्षरात राहिलंय ते असं: 'रुमाल ४, क्र. ३. पत्र. आजींकडे आहे.'