माझ्या नावाची घागर

काल दुसरा शनिवार, म्हणून घरी होते. दुपारी सिलेंडरवाला मुलगा आला. नेहमीसारखं पाणी विचारलं. त्याने तांब्या वर धरून गटागट संपवला, मानेवरून हात फिरवला आणि जाता जाता म्हणाला, "मावशी, तुम्हीपण प्या ना. ओठ कसे फुटलेत बघा." बस्स, एवढंच. दार लावलं आणि मला रडूच फुटलं.

एवढ्याशा बोलण्यावर का, ते रात्रभर कळेना. या घरात उन्हातून आलेल्या प्रत्येकाला मी पाणी दिलंय. हे आले की गूळ-पाणी. आईंना तर न मागता देते, वय झालं की तहान कळेनाशी होते म्हणून. मी एसटीतून उतरून येते तेव्हा? चपला काढता काढता ऐकू येतं, "आलीस? चहा टाक."

सोनूला फोन करावासा वाटला. नाही केला.

डॉक्टरांनी फाल्गुनातच बजावलं होतं. घामावाटे पाणी जातं, लघवी घट्ट होते, क्षार साचतात आणि खडा धरतो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी, तीही फिक्या रंगाची. त्यांना सांगायला काय जातं! ऑफिसात बायकांच्या संडासाला कुलूप, आणि उघडा असला तर आत पाऊल टाकवत नाही. भरून नेलेली बाटली तशीच परत येते. ही सवय तर शाळेपासूनची, तिथेही तेच होतं.

पंचांगात वसंत चालू आहे म्हणे. जळगावात पारा 43 वर. अंगणातला निंब मात्र तुकतुकीत. पाडव्याला तांबूस पालवी होती, आता हिरवागार झालाय, खाली फुलांचा सडा. त्याला कोण पाणी विचारतं? पण त्याची मुळं खोल गेलीत, आणि माझी... (हे जरा जास्तच झालं. राहू दे.)

आज आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची घागर आणायला गेले. गेलेल्या अण्णांच्या नावाची दरवर्षी मीच भरते. वर डांगर (आमच्याकडे खरबुजाला म्हणतात), सांजोऱ्या, आंबे. टिचकी मारून आवाज ऐकत होते, तेवढ्यात डोक्यात आलं, उद्या माझ्याही नावाची भरतील. थंडगार पाणी, वर डांगर, सगळे हात जोडून उभे! आणि तिथेच खुदकन हसू आलं. कुंभारीण बघतच राहिली. म्हटलं, बाई, दोन दे. माझी मी आत्ताच भरते, मेल्यावर कोणाला आठवेल न आठवेल.

दुसरी भिजत घातलीय. उद्या तिच्यात वाळ्याची जुडी टाकेन. संध्याकाळी "चहा टाक" आलंच. आधी जुन्या माठातलं पाणी घेऊन लिंबू पिळलं, दोन पेले उभ्याउभ्याच प्यायले, मग आधण ठेवलं. यांच्या लक्षातही आलं नसेल.

आता ऑफिसातही प्यायचं, तर त्या कुलपाची चावी कुणाकडे असते ते आधी विचारायला हवं. बहुतेक साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असणार. म्हणजे साहेबांनाच विचारायचं आलं. आणि तेही सगळ्यांसमोर.